शारदेपासून मुक्तीपर्यंत
(द्वितीय वर्ष, कला)

पुण्याकडे जाणारी सकाळची गाडी केडगावला एक-दोन मिनिटे थांबते. गेली दोन वर्षे मी त्याच गाडीने कॉलेजला येते. दुधाचे कॅन चढतात, भाजीची गाठोडी चढतात, कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि गाडी सुटते. स्टेशनची पाटी मी रोज वाचत होते. पण या स्टेशनाजवळच्या माळावर पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची चोवीस-पंचवीस वर्षे काढली, हे मला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हते. रमाबाईंचे नाव मला माहीत होते ते गाळलेल्या जागेपुरते. 'शारदा सदन कोणी स्थापन केले?' या प्रश्नाचे उत्तर लिहून मी शाळेत एक गुण मिळविला होता.

या वर्षी इतिहासाच्या बाईंनी चरित्रलेखनासाठी नावांची एक यादी फळ्यावर लिहिली. मोठमोठी नावे पटापट गेली. रमाबाईंचे नाव शेवटपर्यंत उरले. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणाले की, त्या बाई तर बाटल्या होत्या, त्यांच्यावर काय लिहायचे? मी हात वर केला तो काही बाणेदारपणाने नव्हे. केडगाव माझ्या रस्त्यावर आहे, एवढेच त्या वेळी मनात आले.

माझी आई तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात आया आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा तिची रात्रपाळी असते. संध्याकाळी तिचा डबा घेऊन मी जाते आणि वॉर्ड शांत होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून वाचते. ग्रंथालयातून आणलेले रमाबाईंचे चरित्र मी त्या बाकावरच वाचले. आईला लिहिता-वाचता येत नाही. काय वाचतेस, असे तिने विचारले म्हणून मी थोडे थोडे सांगत गेले. तिने जे प्रश्न विचारले ते पुस्तक लिहिणाऱ्यांना सहसा पडत नाहीत. त्यामुळे या लेखात काही ठिकाणी माझ्यापेक्षा तिचेच लक्ष अधिक आहे, हे आधीच सांगून टाकते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील भागात, गंगामूळ नावाच्या जागी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे मोठे पंडित. त्यांनी एक त्या काळी न शोभणारी गोष्ट केली. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. शास्त्र्यांनी जाब विचारला तेव्हा ते उडुपीच्या सभेत जाऊन आपली बाजू मांडून आले आणि मग रानात घर बांधून राहिले. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना जेवूखाऊ घालता घालता होते नव्हते ते संपले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत घालून नेले म्हणतात. पुढे तिला घर असे राहिलेच नाही. देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचे, मिळेल ते दान घ्यायचे, पुढच्या क्षेत्राकडे चालू लागायचे. आईने मुलीला भागवत शिकविले. ती पहाटे उठवी आणि श्लोक म्हणवून घेई. मुलीला पुराण मुखोद्गत झाले. शाळेची पायरी न चढता ती अनेक भाषा बोलू लागली.

मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. पुराण सांगणाऱ्या ब्राह्मणाला दुसरे काम करायचे शिक्षण नव्हते आणि मजुरी करण्याची लाज होती. हे रमाबाईंनी पुढे स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. भांडी विकली, दागिने विकले, व्रतेवैकल्ये केली. शेवटी रानातली फळे आणि पाला खायची वेळ आली. वडील गेले. काही महिन्यांत आई गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. तिची उंची कमी, खांद्याने तिरडी वाकडी होई, म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली आणि तशीच ती स्मशानापर्यंत चालत गेली. थोरली बहीणही त्याच सुमारास वारली. राहिली दोघे भावंडे. ती पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हते; तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून, त्यात निजून, अंगावर गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

हे मी आईला वाचून दाखविले तेव्हा ती उठून वॉर्डात गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. मला वाटले, तिला ऐकवले नाही. पण ती म्हणाली की पाच नंबरच्या आजीचे पांघरूण सरकले असेल, ते बघून आले.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक मराठी मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांसारख्या ब्राह्मसमाजी पुढाऱ्यांशी ओळख झाली. वेद आणि धर्मशास्त्रे ती तेथे वाचू लागली, आणि स्त्री व शूद्र यांच्याविषयी त्या ग्रंथांत काय लिहिले आहे ते वाचल्यावर तिचा विश्वास डळमळू लागला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. विवाह आंतरजातीय, आंतरप्रांतीय, आणि तोही १८८० साली! आजही आमच्याकडे असे लग्न झाले तर पोलीस बंदोबस्त लागतो. आसामात सिल्चर येथे संसार मांडला, मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. दोन वर्षेही झाली नव्हती तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, आणि मांडीवर तान्हे मूल.

त्या पुण्यास आल्या. येथील त्यांचे काम आपणां सर्वांना थोडेफार ठाऊक असते. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात असे ठासून सांगितले. वैद्यक शिकायचे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कानांना कमी ऐकू येत असल्याने डॉक्टर होणे साधले नाही. त्या वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या, त्यांना मराठी शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजी शिकू लागल्या.

आता मी त्या प्रसंगापाशी येते, ज्याच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. त्या मठाच्या जोगिणी लंडनला फुलहॅम येथे एक आश्रम चालवीत. रमाबाईंना तेथे नेण्यात आले. ज्यांना समाज पतित म्हणतो अशा स्त्रिया तेथे राहत होत्या आणि शिकल्यासवरल्या, चांगल्या घरच्या जोगिणी त्यांची शुश्रूषा करीत होत्या, त्यांच्याशी मायेने बोलत होत्या. रमाबाई थबकल्या. त्यांनी वाचलेल्या शास्त्रांत अशा स्त्रीला शिक्षाच सांगितलेली त्यांना आठवत होती. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका जोगिणीने विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखविली. परक्या जातीची, पाच नवरे झालेली ती बाई. तिच्यापाशी येशूने पाणी मागितले आणि तिच्याशीच धर्माच्या गोष्टी बोलला. जन्मभर पुराणे ऐकलेल्या आणि सांगितलेल्या रमाबाईंना ही गोष्ट निराळी वाटली.

माझ्या समजुतीप्रमाणे, त्यांचे मन वळले ते वादविवादाने नव्हे. वादात त्यांना हरविणे अवघड होते. सिल्चरला असतानाच त्यांनी लूकचे शुभवर्तमान बंगालीत वाचले होते, ते त्यांना आवडलेही होते. पण ते वाचणेच राहिले. फुलहॅमला त्यांनी तीच गोष्ट हातांनी केलेली पाहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करावी. ज्या पुण्याने डोक्यावर घेतले तेथेच लोक म्हणू लागले की बाई फसली. पण ती बाई कुणाच्या मुठीत राहणारी नव्हती. चर्चने सांगितलेले सगळे त्यांनी निमूट मानले असेही नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरे कशाला, आम्हांला कळणारी संस्कृत का नकोत, म्हणून त्या भांडल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना स्त्रीने शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले, तेव्हाही त्यांनी खरमरीत उत्तरे पाठविली. तीन देव की एक, यावर त्या आपल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घालत होत्या. बाटली म्हणजे बुद्धी गहाण टाकली असे समजणाऱ्यांनी ही पत्रे वाचावीत.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. एक मराठी बाई डॉक्टर होते आणि दुसरी ते बघायला समुद्र ओलांडून जाते, हे चित्र मला फार आवडते. पुढील वर्षी त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे पैसा देण्याचे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. याच गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. हिंगण्याच्या त्या थोर संस्थेच्या घरात शारदा सदनातला एक दिवा गेला होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले आणि मग तो प्रसिद्ध वाद पेटला. सदनात धर्म शिकवायचा नाही, प्रत्येक मुलीने आपापला आचार पाळावा, असे ठरले होते. त्याप्रमाणे सोवळ्याओवळ्याचीही सोय होती. पण रमाबाई स्वतः सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

येथे चरित्रकार दोन तट करतात. एकांच्या मते रमाबाईंनी वचन मोडले, दुसऱ्यांच्या मते पुणेकर कोत्या मनाचे. मला दोन्ही पुरते पटत नाही. रानडे, भांडारकर हे काही स्त्रीशिक्षणाचे वैरी नव्हते. ज्या बापाने चार लोकांचे बोल सोसून विधवा मुलगी सदनात ठेवली, त्याला भीती वाटली तर तो दुष्ट ठरत नाही. पण दुसऱ्या बाजूने विचार करा. ज्या मुलीला घरात कुणी जवळ घेत नाही, शुभकार्यात समोर येऊ देत नाही, ती मुलगी जी बाई आपल्याला जवळ घेते तिच्या खोलीत जाऊन बसणार नाही तर काय करील? रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवे होते का? माझ्या आईला हा प्रश्न विचारला तर ती म्हणाली की, दार लावून घेणारी बाई असती तर पोरी तिच्याकडे आल्याच नसत्या. मला यावर बोलता आले नाही. तरीही वचन ते वचन, हेही मला वाटतेच.

गंमत अशी की, स्वतः रमाबाई मात्र १८८३ ची आपली धर्मनिष्ठा कच्ची समजत. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो १८९१ च्या सुमारास मिळाला, असे त्यांचे म्हणणे होते. हा फरक मला पूर्ण समजला असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की काहीतरी बदलले होते हे दिसते. व्याख्याने कमी झाली, हातचे काम वाढले.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकून रमाबाईंना स्वतःचा दुष्काळ आठवला. त्या स्वतः तेथे गेल्या. धर्मशाळांत, रस्त्यांवर, दुष्काळी कामांवर पडलेल्या मुली आणि बायका त्यांनी पाहिल्या. पोरींच्या मागे फिरणारे दलालही पाहिले. शारदा सदनात त्या वेळी जेमतेम पन्नास मुली होत्या. त्यांनी काही महिन्यांत सुमारे तीनशे आणल्या. पैसा कुठून येणार, हे ठरलेले नव्हते. इतक्यात पुण्यात प्लेग आला आणि शहरात इतक्या नव्या मुली ठेवण्यास सरकारने मनाई केली. केडगावला रमाबाईंनी आधी शेतजमीन घेऊन ठेवली होती, तेथे फळझाडे लावली होती. सगळ्या मुली तेथे गेल्या. माळावर झोपड्या, मांडव, जे मिळेल ते उभारले. त्याच धामधुमीत १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग-रुग्णालयात स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. गव्हर्नरापर्यंत प्रकरण गेले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या पैशावर जगणारी बाई सरकारला वचकून असेल, असे समजणाऱ्यांना याची आठवण नसते.

मुली आणल्या, हे वाक्य मी वहीत सहज लिहिले होते. आईने विचारले, त्यांना आंघोळ कुणी घातली?

मी पुस्तकात शोधू लागले. त्या मुली कशा आल्या होत्या याचे वर्णन आहे. हाडांवर कातडी, केसांत उवा, अंगभर फोड, डोळे आलेले, अंगावर चिंधी. कित्येकींना रोग झालेले. कित्येकी आल्यावरही वाचल्या नाहीत. अन्न दिसले की एकमेकींच्या अंगावर धावून जात, चोरून ठेवीत, शिव्या देत. यांना आंघोळ घालणारी, केस कापणारी, जखमा धुणारी, भरवणारी माणसे कोण, तर रमाबाई, त्यांच्या सहकारी सुंदराबाई पवार, आणि शारदा सदनात आधी शिकलेल्या मोठ्या मुली. त्यांतल्या कितीतरी ब्राह्मण घरच्या विधवा. चार वर्षांपूर्वी ज्या सदनात सोवळ्याचा वेगळा स्वयंपाक होता, तेथल्याच मुली आता जात न विचारता दुसऱ्याच्या पोरीच्या उवा काढीत होत्या. शिकलेल्या मुलीच शिक्षिका झाल्या, त्याच मेट्रन झाल्या. आईला हे सांगितल्यावर तिचे समाधान झाले. ती म्हणाली, असे उपाशी माणूस आले की पहिल्या दिवशी पोटभर घालून चालत नाही, पेजेवर ठेवावे लागते; आणि जखमेला चिकटलेली चिंधी ओढायची नाही, कोमट पाण्याने भिजवायची. हे ती अशा आवाजात म्हणाली, जणू केडगावच्या त्या मांडवात उद्या तिचीच पाळी आहे.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. कॉलेजात पहिल्या दिवशी सर्वांनी आपापली ओळख करून दिली. माझी पाळी आली तेव्हा, आई नर्स आहे, असे मी सांगितले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. माझ्या शेजारची मुलगी वकिलाची होती. आया म्हणजे काय करते, असे कुणी विचारले असते तर मला सांगावे लागले असते की ती भांडे देते, चादरी बदलते, अंग पुसते, मेलेल्या माणसाचे हातपाय सरळ करते. ते सांगायचे धैर्य झाले नाही. गेली दोन वर्षे ते खोटे तसेच चालू आहे. हा लेख छापून आला तर ते आपोआप संपेल.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावच्या वास्तूचे मुक्ती सदन असे नामकरण होऊन ते रीतसर सुरू झाले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि तेथूनही शेकडो मुली आल्या. संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एका वेळी दोन हजार माणसांचे जेवण! आमच्या गावच्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याची पंगत असते, तेव्हा सगळे गाव राबते तरी भाजी कमी पडते. येथे ते रोज, दोन वेळा. विहिरी खणल्या. शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, धोबीकाम, सगळे बायकांच्या हाती. अंध मुलींना ब्रेल आणि वेताचे विणकाम शिकविले. फसवल्या गेलेल्या आणि रोगी स्त्रियांसाठी कृपा सदन निराळे होते. फुलहॅमला पाहिलेले रमाबाईंनी केडगावच्या माळावर आणले ते हे. म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीती सदन. पुढे पोरक्या मुलग्यांसाठीही सोय झाली.

आणि स्वतः रमाबाई? विधवेसारखे कापलेले केस, पांढरे जाडेभरडे सुती पातळ, जन्मभर शाकाहार. परदेशी मैत्रिणी असूनही राहणी देशी. पहाटे चारच्या सुमारास उठायचे, लहानपणी आई उठवी तसेच. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपल्यावर ठराविक रकमेची हमी राहिली नाही. उद्याचे धान्य कसे येईल ते देव पाहील, अशा श्रद्धेवर त्या चालत. ही श्रद्धा मला नाही. पण एक दिवसही विहिरी खणणे किंवा घाणा चालविणे त्यांनी देवावर सोपविलेले दिसत नाही, हे मी नमूद करते.

केडगावची संस्था उघड ख्रिस्ती होती. शारदा सदनासारखे वचन येथे कुणाला दिलेले नव्हते. तेथे आलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. यावर आजही राग आहे, आणि आमच्या वर्गातही निघाला. मी बाजू घेऊ का? ज्या लहान मुलीचे जगात कुणी उरले नाही, तिने जेवू घालणाऱ्याचा देव स्वीकारला तर तिला निवड होती असे म्हणता येईल काय? बहुधा नाही. पण त्या वर्षी त्या मुलीसमोर दुसरा कोणता दरवाजा उघडा होता, तेही पाहिले पाहिजे. ज्यांनी तिचा धर्म जाईल म्हणून आरडाओरडा केला, त्यांच्यापैकी किती जण बैलगाडी घेऊन धर्मशाळेत तिला आणायला गेले होते? मागच्या बाकावरच्या माझ्या मित्राला मी हेच विचारले. तो म्हणाला, हा काही मुद्दा नाही. आमचे भांडण अजून मिटलेले नाही.

शेवटच्या अठरा-एक वर्षांतले रमाबाईंचे काम मला सर्वांत नवलाचे वाटते. अशिक्षित बायकांना कळेल असे बायबल मराठीत नाही, म्हणून त्यांनी ते मुळापासून स्वतः भाषांतर करायला घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृताच्या या पंडितेने भाषांतरात संस्कृत शब्द होता होईतो टाळले. जाणकारांनी नाके मुरडली, ही भाषा बोजड आणि विचित्र आहे म्हणाले, आणि ती पुष्कळ ठिकाणी तशी आहेही. पण आयुष्यभर ज्या भाषेने मान मिळवून दिला ती भाषा, जात्यावर बसणाऱ्या बाईला कळावे म्हणून बाजूला ठेवणे, हे मला उवा काढण्याच्याच जातीचे काम वाटते. छापखानाही केडगावचाच. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या, कागद दुमडणाऱ्या सगळ्या तेथल्याच मुली. दुष्काळात ज्यांना स्वतःचे नाव सांगता येत नव्हते, त्यांतल्याच कितीतरी आता मुद्रिते हाताळीत होत्या.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईचा उजवा हात तीच होती, आणि संस्थेचा भार पुढे तीच उचलणार असे सर्वांनी धरले होते. वेताच्या पेटीतून निघालेल्या त्या बाईने आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी, असे सगळे पोहोचविले होते. भाषांतराचे काम मात्र थांबले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला. चौसष्टावे वर्ष पुरे व्हायला अठरा दिवस होते. बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.

हे शेवटचे पान मी काल रात्री त्या बाकावर बसून आईला वाचून दाखविले. मुलगी आधी गेली हे ऐकून ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले की, त्या छापखान्यातल्या पोरींना रात्रपाळी असायची का? मग वॉर्डातली घंटा वाजली आणि ती गेली. आज पुन्हा तिची रात्रपाळी आहे. साडेसात वाजत आले, डबा भरायचा आहे, म्हणून येथे थांबते.